तासाला तीस

२६ ऑगस्ट, मंगळवार

माझं सगळं बदललं ते आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, अंजूचा फोन आला तेव्हा. सात महिने आणि अकरा दिवसांनी. मी बोरी अरबच्या बाजारात पिकअपमध्ये खताच्या बॅगा भरून घेत होतो. स्क्रीनवर तिचं नाव पाहिलं आणि हातातली बॅग सुटली ती मारोती हमालाच्या पायावर. तो शिव्या देऊन राह्यला आणि मी हसून राह्यलो.

'कसा आहेस' वगैरे काही नाही. "इंद्रजीत, गाडी रिकामी आहे का? बापूला यवतमाळला न्यायचं आहे. आत्ता."

रिकामी नव्हती. मी केली. अर्धी गाडी भरलेली उतरवायला मारोतीला दुप्पट हमाली कबूल केली.

बापू म्हणजे अंजूचे वडील भीमसिंग चव्हाण, आमच्या शेजारच्या तांड्याचे; मी त्यांना काका म्हणतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा त्यांच्या अंगणात जाऊन अंजूला मागणी घातली होती. कोणी मोठं माणूस सोबत नाही, काही नाही. बसलेल्या सगळ्यांपुढे काका म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात टाकून आलेल्याले मी बैल देत नाही, पोरगी कायले देईन?" सगळे हसले. मी त्यांची खाट लाथेनं उलटवली आणि आलो. त्या दिवसापासून अंजूचा फोन बंद.

आज त्याच माणसाला गादीसकट उचलून गाडीत ठेवलं. अंग तव्यासारखं आणि हातपाय मात्र थंड. पोळ्याच्या दोन दिवस आधी डवऱ्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, पायाला लागली होती. हळद-तेल लावलं आणि पोळ्याला बैलांसोबत अनवाणी फिरले. रविवारी ताप. काल गावच्या डॉक्टरनं दोन बाटल्या लावल्या. आज सकाळी मानीकाकीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, ओळखेनात. पोटरीपर्यंत पाय जांभळा झाला आहे.

अंजू मागे बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. मी आरशात पाहत होतो. रस्ताही पाहत होतो.

दवाखाना लहान आहे, पण डॉक्टर देवतळेंचं नाव आहे. त्यांनी बीपी पाहिलं आणि पळापळ सुरू झाली. दोन्ही हातांना सुया, बाटल्या उलट्या टांगून पूर्ण धार. जखमेचं विष रक्तात गेलं म्हणे. सेप्सिस. दुपारपर्यंत चार बाटल्या संपल्या आणि मग डॉक्टरनी येऊन पाचवीची धार बारीक केली. माझं डोकं फिरलं.

"गावचा डॉक्टर नुसत्या अशक्तपणाले दोन बाटल्या लावते. इथं माणूस मरून राह्यला अन् तुम्ही धार बारीक करता? पैशाचं असंन तर बोला!" प्लास्टिकची एक खुर्ची तोडली मी.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "शिकला किती?"

"बी.एस्सी. सेकंड इयर. सोडलं."

"मग बस, तुला कळेल." आणि त्यांनी सांगितलं. शरीरातल्या नळ्या विषानं ढिल्या पडतात. रक्त तेवढंच, पण नळी मोठी झाली, म्हणून कमी पडतं. म्हणून वरून पाणी भरायचं. पण त्याच नळ्यांना बारीक भोकंही पडतात. जास्त भरलं की पाणी फुप्फुसात झिरपतं. कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर श्वास. "ठिबकच्या नळीसारखं आहे. प्रेशर कमी तर शेवटच्या झाडाला पाणी नाही, जास्त तर नळी फुटते. आत नेमकं किती आहे ते वरून दिसत नाही. सोनोग्राफीनं थोडं दिसलं असतं, पण माझं मशीन कायद्यानं त्याच्या खोलीबाहेर आणता येत नाही आणि या माणसाला मी आत्ता हलवू शकत नाही. मग काय पाहायचं? नख दाबून रंग किती वेळात येतो, बीपी, श्वास. आणि सगळ्यात सरळ म्हणजे लघवी. तासाला तीस मिली झाली तर समज, शेवटच्या झाडाला पाणी पोचतंय."

मग तुटलेल्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "राग भरपूर आहे तुझ्यात. सहा पेशंट आणि एकच सिस्टर आहे माझ्याकडे. कामाला लाव तो."

अंजू दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. जाताना म्हणाली, "खुर्चीचे पैसे देऊन टाक." तिला माझी काळजी आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज गणपती बसले. बाहेर ताशे वाजून राहिले आहेत आणि इथं मशीनची पिपाणी. ही वही माझी फिजिक्सची प्रॅक्टिकलची, डाव्या बाजूची पानं कोरीच राह्यली होती. आम्ही घरी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतो, पण लिहायला बसलं की मराठीच येते.

मला काम मिळालं. सकाळी सात ते संध्याकाळी सात काकांपाशी बसायचं. कोकिळा सिस्टरनं पलंगाला अडकवलेला कागद दाखवला. तासाच्या ठोक्याला लघवीच्या पिशवीवरची रेघ पाहायची, आकडा लिहायचा, मग खालचा चाप उघडून भांड्यात रिकामी करायची. "अक्षर चांगलं आहे बरं तुझं," म्हणाली. "अन् हे पाह्य, मधेच कधी रिकामी केली तर..." तेवढ्यात चार नंबरचं मशीन वाजलं आणि ती पळाली. तिला तेवढीच वाक्यं बोलायला मिळतात, अर्धी.

सात वाजता रात्रीच्या सिस्टरचा आकडा होता ३५. आठला मी लिहिले ३२. नऊला ३४. काकांची नखंही दाबून पाहिली. पांढरं होतं ते लाल व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचं. कालच्यापेक्षा लवकर येते रंग.

साडेदहाला काका शुद्धीवर आले. आधी छताकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खाट उलटवल्याचं निघते.

"तू काहून इथं?"

"तुम्हाले घेऊन आलो ना काका."

"अंजू कुठी आहे?"

"अकराला येते. मोठ्या डॉक्टरनं टाइम ठरवून देला."

त्यांनी हळूच चादर चाचपली. नळी हाताला लागली. नळीमागं पाहत पाहत नजर पिशवीवर गेली आणि त्या माणसाचं तोंड असं झालं की मी दुसरीकडे पाहिलं. तांड्यात भीमसिंग चव्हाणला कोणी बिनापागोट्याचं पाहिलेलं नाही. ओठ सुकलेले, आवाज नाही, तरी माझं मनगट धरून म्हणाले, "पोरीनं बापाचं हे पाहू नये रे. फेकून दे ते. ती यायच्या अगोदर."

मी चाप उघडला, रिकामी केली, पिशवी पुसून घेतली, नळीवरून चादर ओढली. अंजू आली तेव्हा पलंगाजवळ काही वास नव्हता, काही दिसत नव्हतं. तिनं बापाच्या कपाळावर हात ठेवला, मग मला म्हणाली, "स्वच्छ ठेवलं तू."

स्वच्छ ठेवलं तू. तीन शब्द. सात महिन्यांनी.

अकराला पिशवीत आठ होते. आठ लिहिले. मी काही खोटं लिहीत नाही.

संध्याकाळी तिनं मला चहा दिला. कागदी कप गरम होता तर खाली स्वतःचा रुमाल धरला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आता मला सवय झाली. अंजूच्या यायच्या वेळा अकरा, एक, चार, सहा. दहा मिनिटं आधी मी सगळं आवरून घेतो. पिशवी, चादर, काकांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसणं. आज तांड्याचे नाईक धरमसिंग दोन माणसं घेऊन आले, तेव्हाही. नाईकांपुढे काकांची लाज जायला नको. शिवाय नाईक गावात जाऊन सांगतील, की भीमसिंगचा पलंग फुलासारखा ठेवला पोरानं. सांगू दे.

डॉक्टर दुपारी कागद पाहून भुवया चढवून उभे राहिले. "रात्री छत्तीस, चाळीस, अडोतीस. दिवसा मधेच दहा, आठ, पाच. हे उलटंच काहीतरी. दिवसा किडनी झोपते की काय?" काकांचे पाय वर उचलून बीपी पाहिलं. नखं दाबली. बीपीचं औषध पंपानं चालू असलं की नखांचा रंग फसवतो म्हणे, त्यावर विश्वास नाही. "तू नीट पाहून लिहितोस ना?"

"साहेब, तासाचा काटा बाराला टेकल्याशिवाय मी पेन उचलत नाही."

"मग पाणी कमी पडतंय." त्यांनी अर्धी बाटली जोरात सोडायला सांगितली. संध्याकाळी पुन्हा अर्धी. मला बरं वाटलं. परवा मी तेच ओरडत होतो, तर खुर्ची तुटेपर्यंत कोणी ऐकलं नाही.

मानीकाकी बाकावर बसून पाहत होती. मला म्हणाली, "बेटा, तीजेच्या सणाला टोपलीत गहू लावतो आपण. पोरी हौसेनं जास्त पाणी घालतात अन् गहू खालून कुजते. पाह्य ना, यायचं तोंड कसं फुगलं."

"काकी, इथं मशीन हायेत. टोपली नाही ही," मी बोललो. जरा जोरात बोललो. नंतर मला वाईट वाटलं, म्हणून तिला केळी आणून दिली.

अंजूनं विचारलं, "बापूला लघवी कमी होते म्हणे? एवढं पाणी जाते आत."

"मी बसलो आहे ना. एकही तास चुकवत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. डोळ्यांखाली काळं झालं आहे तिच्या. मी वर्गात मागच्या बाकावरून तिची वेणी पाहायचो तेव्हा तिला वाटायचं मी फळा पाहतो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज मला जग मिळालं.

सकाळी काका बरेच शुद्धीत होते. धाप होती, दोन शब्दांत थांबत होते. मानीकाकीला जवळ बोलावलं. मी उठून जायला लागलो तर हातानं थांबवलं. काकीला म्हणाले, "पोट्टा तापट आहे. पण... बसते. बसणारा माणूस आहे." मग थांबले, श्वास घेतला. "अंजूले विचार. ती हो म्हणंन तर... माहं नाही म्हणणं नाही."

काकी रडली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकवलं. वाटलं धावत पुसदपर्यंत जावं आणि कॉलेजच्या गेटवर ओरडून सांगावं. ज्या कॉलेजातून मी वर्गातल्या शामची कॉलर धरून त्याला लॅबच्या टेबलावर आपटलं म्हणून निघालो. तो अंजूबद्दल घाण बोलला होता. प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग. मी केमिस्ट्रीचं जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं. अंजू तेव्हा म्हणाली होती, "तू माह्यासाठी नाही भांडला." काय म्हणायचं होतं तिला, मला आजपर्यंत कळलं नाही. आता कळायची गरजही नाही.

काकीनं तिला विचारलं का, ते माहीत नाही. चारला अंजू आली तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. लाजली असेल. नखं खात बापाच्या छातीकडे पाहत होती. "एवढा जोरात काहून श्वास घेतात?" तिनं सिस्टरला विचारलं. कोकिळा सिस्टरनं छातीला नळी लावून ऐकलं आणि डॉक्टरना बोलवायला गेली.

पूनमसिंग आला पुण्याहून, अंजूचा मोठा भाऊ. कंपनीतून सुट्टी मिळत नव्हती. आल्या आल्या मला पाहून म्हणाला, "हा काय करून राह्यला इथं?" मी मुठी आवळल्या. काकीनं त्याला बाजूला नेऊन सांगितलं. परत आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

आजचे कमी आकडे: ६, १०, ९, ४. डॉक्टरांनी पुन्हा दोनदा अर्धी-अर्धी बाटली दिली, मग एकदम बंद करायला सांगितली. जाताना स्वतःशीच म्हणाले, "एवढं आत गेलं, बाहेर तेवढं येत नाही. कुठं चाललंय सगळं?"

३० ऑगस्ट, शनिवार

तोंडातून गुलाबी फेस आला. श्वासाच्या मशीनवर घेतलं. आता आम्हाला आत येऊ देत नाहीत. डॉक्टर म्हणतात फुप्फुसात पाणी भरलं, किडनी बंद पडली असावी, डायलिसिससाठी नागपूर. पण रस्त्यात राहतील का, सांगता येत नाही. पूनमसिंग नेऊ म्हणतो. काकी म्हणते नको.

माझं काम कोणी दुसरं करून राह्यलं असेल. बरोबर लिहीत असेल का.

३१ ऑगस्ट, रविवार

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी गेले.

अंजू रडली नाही. बाकावरून उठली, आत गेली, त्यांचं पागोटं पिशवीतून काढून छातीवर ठेवलं. गाडी माझीच होती. या वेळी मी आरशात पाहिलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

कागदपत्रं आणायला पूनमसिंगनं मला पाठवलं. "तुलेच सगळं माहीत आहे," म्हणाला. तांड्यात मला आता वेगळंच पाहतात. नाईक धरमसिंग बायांना सांगत होते, पोटच्या पोरानं केली नसती अशी सेवा केली. मी मान खाली घालून ऐकलं. खोटं काय सांगू, बरं वाटलं.

डॉक्टर देवतळे त्यांच्या खोलीत एकटे बसले होते. काकांचे कागद पुढ्यात पसरलेले. दाढी वाढलेली. मला बसायला सांगितलं. म्हणाले, "तीन दिवस हेच घेऊन बसलोय. कुठं चुकलं ते पाहतो." आणि मग माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "तुझं काम मात्र चोख. एक तास गळाला नाही. खरं सांगू, माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. नखं फसवी, मशीन आणता येत नाही. तुझ्या आकड्यांवरच मी पाणी देत गेलो."

मी त्या कागदाकडे पाहिलं. माझंच निळं पेन. अकराला आठ. एकला पाच. चारला नऊ. सहाला सहा. अकरा, एक, चार, सहा.

अंजूच्या वेळा.

मी कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. डॉक्टर काहीतरी विचारत होते. मी म्हणालो, "येतो साहेब." पायऱ्यांवर बसलो. मग गाडीत. गाडी चालू करता येईना, किल्ली उलटीच घालत होतो.

मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. पिशवीत होतं तेवढंच लिहिलं. पण दहा मिनिटं आधी मी ते भांड्यात ओतून संडासात टाकून आलो होतो. लघवी होत होती. काकांच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत होतं. रात्री कोणी भेटायला यायचं नाही, म्हणून रात्रीचे आकडे चांगले.

आणि त्या दोन बाटल्या. अर्धी, अर्धी, अर्धी, अर्धी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पूनमसिंग घरी आला होता. आमच्या याडीशी, आईशी बोलला. तेरवीला सगळा तांडा जमेल तेव्हा नाईक सगळ्यांपुढे शब्द सांगतील, सव्वा महिन्यानं गूळ खाऊ. गूळ खाल्ला म्हणजे आमच्यात लग्न पक्कं. "बापूचा शब्द होता," म्हणाला. मी विचारलं, "अंजू काय म्हणते?" तो म्हणाला, "बापूचा शब्द आहे म्हणते."

याडीनं त्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि मागे वळून डोळे पुसले. मला म्हणाली, "पाह्य, बसल्या जागी देव पावला तुले."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

आज ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. सांगून काय होणार? काका परत येतात? काकीला काय मिळणार, अजून एक दुःख. मी आयुष्यभर अंजूला फुलासारखं ठेवीन, तेच प्रायश्चित्त.

हे लिहिलं आणि स्वतःच वाचलं. फुलासारखं. हाच शब्द मी पलंगासाठी वापरला होता. किळस आली.

९ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. उभं राहून सांगितलं. खुर्चीवर बसवेना.

त्यांनी काकांचे कागद पुढे ओढले. मग म्हणाले, "किती वेळा?"

"तीन दिवसांत अकरा."

त्यांनी पेन्सिलनं कागदावर काहीतरी मांडलं, मोजलं, आणि पेन्सिल ठेवली. "दोन बाटल्या दिल्याच नसत्या."

"मग वाचले असते?"

"माहीत नाही. पाय सडला होता. आणले तेव्हा पाच दिवस होऊन गेलते. वाचलेही असते. गेलेही असते." मग चष्मा काढला. "माझंही चुकलं. रात्री बरोबर आणि दिवसा नाही, हे कोडं समोर होतं, आणि मी त्याचं उत्तर किडनीत शोधलं. एकदा तुझ्या शेजारी तासभर बसलो असतो तर कळलं असतं. कोकिळाला सांगेन, ती स्वतःला खाईल. तरी सांगेन."

मी म्हणालो, "साहेब, मारा मले."

"खुर्च्या तोडायचे दिवस गेले तुझे," ते म्हणाले. "घरच्यांना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

दवाखान्यातून निघालो तेव्हा कोणाची तरी पिकअप दाराशी लागली होती, मागे गादी. मी बाजूला झालो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज तेरवी.

अंगण माणसांनी भरलं होतं. नाईक धरमसिंग मधोमध खाटेवर बसले होते. चुलीवर भाजीचा मोठा गंज शिजत होता. पूनमसिंगनं मला पाहिलं आणि म्हणाला, "आला का बे! आत जाऊन याडीले भेट, मग नाईकांपाशी ये. तुहीच वाट पाहून राह्यले."

आत काकी भिंतीला टेकून बसली होती. अंजू जमिनीवर पत्रावळ्या पुसून चळत लावत होती. मी उभाच राहिलो.

"अंजू, काही सांगायचं होतं."

"नाईक सांगणारच आहेत बाहेर," ती वर न पाहता म्हणाली.

"ते नाही."

मग सगळं सांगितलं. काकांनी मनगट धरलं ते. चाप कसा उघडला. अकराला आठ का होते. डॉक्टर काय म्हणाले ते, दोन्ही बाजूंचं. कुठंही थांबलो नाही, थांबलो असतो तर पळालो असतो. अंजूचे हात फक्त थांबले. एक पत्रावळ हातात तशीच होती.

काकी आधी बोलली. हळू बोलली. "त्याईनंच सांगतलं असन तुले. लय लाजाळू होता माणूस. माह्यापुढंही कधी..." आणि पदर तोंडात धरला.

अंजूनं पत्रावळ चळतीवर ठेवली. कडा जुळवल्या.

"बापूनं किती वेळा सांगतलं तुले?"

मला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. दहा दिवस मी सगळे प्रश्न मनात घोळवले होते, हा नाही.

"एकदा," मी म्हणालो. "बुधवारी. एकदाच."

"अन् तू अकरा वेळा केलं."

"हो."

"कायले?"

बाहेर कोणीतरी पोरांना ओरडत होतं, पाण्याच्या टाकीवर चढू नका म्हणून. मी खोटं बोलू शकलो असतो. काकांच्या लाजेसाठी म्हटलं असतं, तर तिनं मानलं असतं. कदाचित तिला तेच ऐकायचं होतं. निदान काकीला तरी.

"तू येणार म्हणून," मी म्हणालो. "तू आल्यावर तुले दिसावं, की मी कसं ठेवलं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला कळलं असतं काय करायचं, रागाचं मला कळतं. ती थकलेली होती, फार थकलेली, दवाखान्यात होती तशीच. आणि मला आता दिसलं की तिथंही ती नुसती थकलेलीच होती. रुमाल चहा गरम होता म्हणून होता.

"मी मागतलं होतं तुले?"

"नाही."

"कॉलेजातही नव्हतं मागतलं."

"नाही."

काकी रडत म्हणाली, "अंजू, राहू दे बेटा. त्यानं मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम नाही केलं, याडी. मले माहीत आहे." अंजू म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर सोपं होतं. मले याच्यावर ओरडता आलं असतं."

बाहेरून पूनमसिंगची हाक आली. "इंद्रजीत! अबे ये ना, नाईक बोलवून राह्यले!"

मी विचारलं, "काय सांगू त्याईले?"

"माह्याबद्दल काही नको सांगू. ते मी सांगीन. माहं मी सांगीन." तिनं पुढची पत्रावळ उचलली आणि फडक्यानं पुसायला लागली. "तुहं तू सांग. सगळ्यांपुढं. बापूचं झालं ते सगळ्यांले माहीत पाहिजे. उद्या कोणाचा बाप पुन्हा तिथं झोपंन, अन् कोणी असंच स्वच्छ ठेवंन."

मी हो म्हणालो. काकीच्या पाया पडायला वाकलो, तिनं पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. अंजूकडे पुन्हा पाहिलं. तिचं तोंड पत्रावळ्यांकडे होतं आणि खांदे हलत होते. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. मी तिथं होतो तोवर ती आवाज करणार नव्हती.

अंगणातले सगळे दाराकडे पाहत होते. आतलं त्यांना दिसलं असतं. त्यांचं दार खाली घासते, उचलल्याशिवाय लागत नाही. मी बाहेर आलो, दोन्ही हातांनी दार उचललं आणि लावलं.